क्षमा कोणी कोणाला? : मित्रराष्ट्रांच्या वाटाघाटींतील एका शब्दाविषयी

३० जुलै १९४१ रोजी लंडनमध्ये, ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या कचेरीत, चर्चिल आणि ईडन यांच्या उपस्थितीत पोलंडच्या निर्वासित सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मैस्की यांनी एका करारावर सह्या केल्या. करार लहान आहे. पोलंडच्या भूमीविषयी सोव्हिएत संघाने १९३९ साली जर्मनीशी केलेले करार आता अस्तित्वात नाहीत. दोन्ही सरकारे जर्मनीविरुद्ध एकमेकांना साहाय्य करतील. सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभारले जाईल, एवढाच त्याचा ऐवज. मात्र त्याला जोडलेल्या पुरवणीत एक वाक्य आहे. युद्धकैदी म्हणून अथवा अन्य पुरेशा कारणांवरून सोव्हिएत भूमीत स्वातंत्र्याला मुकलेल्या सर्व पोलिश नागरिकांना सोव्हिएत सरकार ‘अ‍ॅम्नेस्टी’ देईल, असे ते वाक्य सांगते. या एका वाक्याने कित्येक हजार माणसांचे प्राण वाचले. त्याच वाक्याने त्यांना अपराधीही ठरवले. या दोन गोष्टी एकाच उच्चारातून घडल्या, आणि त्यांची फारकत करता येत नाही, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

ही माणसे कोण होती? १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरले. पोलिश राज्य आता उरलेले नाही, म्हणून त्याच्याशी झालेले करारही उरले नाहीत, असे त्या दिवशी मॉस्कोतील पोलिश राजदूताला कळवण्यात आले. त्याने ते पत्र स्वीकारण्यास नकार दिला. राज्यशास्त्राच्या दृष्टीने हा नकार निरर्थक होता. नीतिशास्त्राच्या दृष्टीने तो तसा नव्हता, हे पुढे स्पष्ट होईल. नोव्हेंबरअखेर एका हुकुमाने या प्रदेशातील रहिवासी सोव्हिएत नागरिक ठरले. १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत चार मोठ्या लाटांत शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, अधिकाऱ्यांची कुटुंबे, जर्मन हद्दीतून पळून आलेले ज्यू अशा लोकांना मालगाड्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील जंगलांत पाठवण्यात आले. सोव्हिएत अभिलेखागार खुले झाल्यावर मिळालेल्या नोंदींनुसार ही संख्या सुमारे ३,२०,००० भरते. परागंदा पोलिश लेखनात ती दहा लाखांच्या वर सांगितली जाई. यांपैकी बहुतेकांवर कोणताही खटला चालला नव्हता. एका विशिष्ट प्रदेशात, एका विशिष्ट वर्गात जन्म घेणे यापलीकडे त्यांच्या हातून काही घडले नव्हते.

अशांना क्षमा करायची ती कशाची?

शब्दाकडे थोडे बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. ‘अ‍ॅम्नेस्टी’चे मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ विस्मरण. यादवी संपल्यावर दोन्ही पक्षांनी झाले गेले विसरावे, अशी त्यामागची कल्पना. मराठीत त्यासाठी ‘सार्वत्रिक माफी’ म्हटले जाते. ‘माफी’ हा आपल्याकडे दरबारी आणि वसुलीच्या व्यवहारातला शब्द: शेतसारा माफ होतो, दंड माफ होतो, शिक्षा माफ होते. मुळात काहीतरी देणे होते, हे त्यात गृहीतच असते. ‘क्षमा’ या संस्कृत शब्दाची घडण मात्र निराळी. ‘क्षम्’ धातूचा अर्थ सोसणे. म्हणून पृथ्वीलाही क्षमा हे नाव मिळाले. ज्याने सोसले तोच क्षमा करू शकतो, ही अट त्या शब्दाच्या पोटातच आहे. १९४१ च्या पुरवणीत या तिन्ही अर्थांची विलक्षण उलटापालट झालेली दिसते. विसरायचे ते सोसणाऱ्याने. माफ करायचे ते ज्याचे काहीच देणे नव्हते त्याला. आणि क्षमा करणारा तो, ज्याने सोसायला लावले. व्याकरणाने या उलटापालटीला हातभार लावला. ‘स्वातंत्र्याला मुकलेले’ या रचनेत स्वातंत्र्य हिरावून घेणारा कर्ता नाही. कर्ता प्रकट होतो तो पुढच्या उपवाक्यात, आणि तो देणारा म्हणून. एकाच वाक्यात जेलर अदृश्य होतो आणि दाता अवतरतो.

निर्वासित सरकारातील मंडळींना हे कळले नव्हते असे नाही. परराष्ट्रमंत्री झालेस्की, जनरल सोस्नकोव्स्की आणि सेयडा या तीन मंत्र्यांनी कराराच्या निषेधार्थ राजीनामे दिले. राष्ट्राध्यक्षांनी सहीला अधिकारपत्र दिले नाही. त्यांचा मुख्य आक्षेप पूर्व सरहद्दीची हमी नाही हा होता, पण या शब्दाचा अपमानही त्यांना बोचत होता. सिकोर्स्कींचे उत्तर थोडक्यात असे होते की माणसे मरत आहेत आणि हिवाळा दूर नाही. या उत्तराला टीकाकाराने हलक्या हाताने बाजूला सारू नये. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर सुमारे १,१५,००० माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये पोहोचली. त्यांत सुमारे ३७,००० बायका, मुले आणि वृद्ध होते. सही झाली नसती, तर त्यांच्यापैकी कितीजण पुढचा हिवाळा पाहू शकले असते, हा प्रश्न विचारल्याशिवाय शब्दाच्या शुद्धतेविषयी बोलणे ही चैन ठरेल.

तेव्हा प्रश्न नेमकेपणाने मांडला पाहिजे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या सुटकेसाठी, त्याच्या वतीने, अन्याय करणाऱ्याची भाषा स्वीकारण्याचा अधिकार त्याच्या सरकारला असतो काय? आणि त्या स्वीकृतीला साक्षी राहणाऱ्या मित्राची जबाबदारी कोणती?

ज्यांना जे. एल. ऑस्टिनने कृतिरूप विधाने म्हटले, ती वस्तुस्थितीचे वर्णन करत नाहीत. उच्चारानेच ती वस्तुस्थिती घडवतात. जहाजाचे नामकरण, विवाहातील संमती, वचन, क्षमा ही त्याची ठरलेली उदाहरणे. अशी विधाने खरी वा खोटी नसतात. ती साधतात किंवा फसतात. ती साधण्यासाठी काही पूर्वअटी पुऱ्या व्हाव्या लागतात. क्षमेची पहिली अट अपराध. अपराध नसताना केलेली क्षमा ही, ऑस्टिनच्या न्यायाने, पोकळ ठरायला हवी. परंतु प्रत्यक्षात ती पोकळ ठरली नाही. १२ ऑगस्ट १९४१ च्या हुकुमाने छावण्यांची दारे उघडली, माणसांच्या हातांत सुटकेचे दाखले पडले. उच्चार साधला, आणि साधल्यामुळे त्याची नसलेली पूर्वअट मागाहून निर्माण झाली: दाखला हातात घेणारा प्रत्येक जण ‘क्षमा झालेला’, म्हणजेच पूर्वी अपराधी असलेला ठरला. ऑस्टिनच्या विवेचनात संकेत आणि परिपाठ यांना जेवढे स्थान आहे तेवढे सत्तेला नाही, ही त्याच्यावरची टीका परिचित आहे. येथे तिचा अर्थ ठसठशीतपणे दिसतो. दाराला कुलूप लावणारा आणि शब्दाचा अर्थ ठरवणारा एकच असेल, तर फसायला हवे ते विधानही साधते.

याची सर्वांत भीषण बाजू पोलिश वाटाघाटकर्त्यांना त्या वेळी ठाऊक नव्हती. पुरवणीत युद्धकैद्यांचा उल्लेख आहे. त्यांतील अधिकारी सैन्यउभारणीच्या वेळी हजर होईनात. त्यांच्याविषयी १९४१ च्या अखेरीस चौकशी केली असता, अ‍ॅम्नेस्टीला अपवाद नाही, सर्वांना सोडले आहे, असे स्टॅलिनने सांगितले. ते मांचुरियाकडे पळाले असतील, असाही तर्क त्याने केला. ५ मार्च १९४० च्या निर्णयानुसार सुमारे २२,००० युद्धकैदी आणि तुरुंगांतील बंदी यांना त्या वर्षीच्या वसंतातच गोळ्या घालण्यात आल्या होत्या. म्हणजे करारावर सही झाली तेव्हा क्षमा करणाऱ्याने क्षमा केलेल्यांपैकी कित्येकांना वर्षभरापूर्वीच ठार केलेले होते. सोव्हिएत सरकारने हे १९९० साली मान्य केले, आणि त्यासंबंधीची मूळ कागदपत्रे १९९२ साली उघड झाली.

जो क्षमा करतो तो क्षमेचा विषय कोण हेही ठरवतो. हा दुसरा परिणाम अधिक संथ, अधिक कारकुनी होता. पुरवणीने सुटका दिली ती ‘पोलिश नागरिकांना’. पोलिश नागरिक कोण? १ डिसेंबर १९४१ च्या पत्रात सोव्हिएत सरकारने कळवले की १९३९ च्या नोव्हेंबरच्या आरंभी त्या प्रदेशात राहणारे युक्रेनी, बेलोरशियन आणि ज्यू हे सोव्हिएत नागरिक होत. वंशाने पोल असलेल्यांना पोलिश नागरिक मानणे ही सद्‌भावनेपोटी दिलेली सवलत आहे. १६ जानेवारी १९४३ च्या पत्राने ती सवलतही काढून घेतली. त्यामुळे मागे राहिलेल्या माणसांचे नागरिकत्व दोन पत्रांच्या अंतराने बदलले. झोपडी तीच, भुकेचा शिधा तोच, मालक दुसरा. दात्याने दिलेले दाता परत घेऊ शकतो हे दानाच्या भाषेतच अनुस्यूत असते. हक्काच्या भाषेत ते नसते. सुटका हक्क म्हणून मिळाली असती, तर ‘सवलत’ या शब्दाला पुढे जागाच उरली नसती.

हॅना आरेन्टने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘हक्क असण्याचा हक्क’ अशी कल्पना मांडली, त्यामागे तिची स्वतःची जवळजवळ अठरा वर्षांची राष्ट्रहीनता होती. तिचे म्हणणे असे की माणूस केवळ माणूस म्हणून उरतो तेव्हाच मानवी हक्कांची भाषा त्याच्या कामी येत नाही. कोणत्या ना कोणत्या राजकीय समाजाचा घटक असणे ही सर्व हक्कांची पहिली पायरी. पोलिश प्रकरण या प्रमेयाला एक वेगळे वळण देते. येथे माणसे राष्ट्रहीन नव्हती. उलट त्यांच्यावर दोन राष्ट्रे हक्क सांगत होती. राष्ट्रीयत्वाचा अभाव जितका घातक, तितकीच त्याची सक्तीची बहालीही घातक असू शकते, हे आरेन्टच्या विवेचनात पुरेसे येत नाही.

तथापि पोलंडला निखळ बळी मानून चालणार नाही. ३१ मार्च १९३८ रोजी, म्हणजे हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यानंतर काही दिवसांतच, पोलंडने कायदा करून दीर्घकाळ परदेशी राहिलेल्या आपल्या नागरिकांचे नागरिकत्व काढून घेण्याची तरतूद केली. तिचा रोख ऑस्ट्रिया-जर्मनीतील पोलिश ज्यूंनी परत येऊ नये यावर होता. ऑक्टोबरअखेरीस जर्मनीने सुमारे १७,००० पोलिश ज्यूंना सरहद्दीवर आणून सोडले, आणि त्यांतील हजारो जण झ्बाँशिनजवळ दोन राज्यांच्या मधल्या पट्टीत अडकून पडले. नागरिकत्व हे राज्याने द्यायचे आणि काढायचे दान आहे, ही भाषा १९४१ साली मॉस्कोकडून प्रथम आलेली नाही. वॉर्साला ती अवगत होती. हा दाखला सोव्हिएत अन्याय सौम्य करण्यासाठी देण्याचे कारण नाही. ती भाषा वापरणाऱ्यालाच पुढे तिचे लक्ष्य व्हावे लागले, यात ऐतिहासिक व्यंग आहे. मात्र ते सोसले भलत्यांनीच, वनरक्षकाच्या मुलीने आणि ल्वूफच्या शाळामास्तराने.

साक्षीदाराच्या, म्हणजे ब्रिटनच्या भूमिकेकडे वळले की प्रश्न अधिक अवघड होतो. करार झाला त्याच दिवशी ईडनने सिकोर्स्कींना लेखी कळवले की ऑगस्ट १९३९ नंतर पोलंडमध्ये झालेले प्रादेशिक बदल ब्रिटिश सरकार मान्य करत नाही. त्याच दिवशी पार्लमेंटमध्ये प्रश्न आला, तेव्हा या पत्राने कोणत्याही सरहद्दीची हमी दिली जात नाही, असाही खुलासा त्याने केला. दोन्ही विधाने खरी होती. मराठी वाचकाला येथे ‘नरो वा कुंजरो वा’ आठवल्यावाचून राहणार नाही. युधिष्ठिराच्या त्या अर्धसत्यानंतर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, असे द्रोणपर्व सांगते. पण साम्याइतकाच फरकही बोलका आहे. युधिष्ठिराचे अर्धसत्य शत्रूसाठी होते, ईडनचे मित्रासाठी. शत्रूला फसवण्याचे समर्थन युद्धनीतीत सापडते. मित्राला अर्धवट धीर देण्याचे समर्थन कोणत्या नीतीत शोधायचे?

गरज हे त्याचे उत्तर, आणि ते खोटे नव्हे. जर्मन भूसैन्याचा फार मोठा भाग लाल सेनेने अडवून धरला होता. ती आघाडी कोसळली असती तर लंडनही उरले नसते आणि वॉर्साही. मायकेल वॉल्झरने १९७३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ‘मलिन हातां’चा प्रश्न मांडला: राजकारणी पुरुषाला कधी कधी योग्य तेच करताना अपकृत्य करावे लागते, आणि तो नीतिमान असल्याची खूण अशी की तो ते अपकृत्य म्हणूनच ओळखतो, त्याचे ओझे वागवतो. ही कसोटी उपयोगी आहे, कारण ती कृतीइतकेच कृतीच्या नावाकडे लक्ष वेधते. ओलीस ठेवलेल्यांच्या सुटकेसाठी खंडणी द्यावी लागते, पण खंडणीला कर म्हटले की देणाऱ्याने वसूल करणाऱ्याचा हक्कच मान्य केलेला असतो. सिकोर्स्कींनी खंडणी दिली. तिला कर म्हणण्याची वेळ त्यांच्यावर आणली गेली, आणि ज्यांचे कोणी ओलीस नव्हते त्या मित्रांनी तो शब्द बदलून घेण्यासाठी जोर लावला नाही. सही लवकर व्हावी म्हणून मात्र लावला.

हे ओझे कोणीच वागवले नाही असे मात्र नाही. पोलिश सरकारकडे नेमलेला ब्रिटिश राजदूत ओवेन ओमॅली याने २४ मे १९४३ रोजी कातिनच्या हत्याकांडाविषयी एक अहवाल पाठवला. पुरावे सोव्हिएत अपराधाकडे बोट दाखवतात, हे त्याने शांतपणे, एकेक दुवा जोडत मांडले. तोवर मॉस्कोने, कातिनची चौकशी मागितल्याचे निमित्त करून, पोलिश सरकारशी संबंध तोडले होते, आणि लंडनने जाहीरपणे मौन पाळले होते. ओमॅलीला मौन समजत होते. त्याची चिंता पुढची होती. मारेकऱ्यांनी प्रेतांच्या खड्ड्यांवर झाडांची रोपे लावली होती. इंग्लंडचे चांगले नाव त्याच रोपांसारखे वापरले जात आहे, अशी तुलना त्याने केली, आणि बाहेर बोलता येत नसेल तरी निदान आत, विचार करताना, स्वतःशी खोटे बोलू नये, असे सुचवले. शासकीय दप्तरात अशा गद्याची अपेक्षा नसते. चर्चिलने हा अहवाल ऑगस्टमध्ये रूझवेल्टकडे धाडला. सोबतच्या पत्रात त्याने म्हटले की मजकूर भीषण आहे, उत्तम लिहिलेला आहे, कदाचित जरा जास्तच उत्तम. आणि वाचून झाल्यावर परत पाठवावा.

‘जरा जास्तच उत्तम’ हा शेरा समीक्षेच्या इतिहासात नोंदवला जावा अशा योग्यतेचा आहे. पुढे वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळवणारा माणूस तो करत होता, हे ध्यानात घेतले की त्याचे गांभीर्य वाढते. अहवाल खोटा आहे, असे चर्चिल म्हणत नाही. त्याची तक्रार शैलीविषयी आहे. पण ओमॅलीची शैली म्हणजे काय होते? कर्ता असलेली वाक्ये. खड्डा कोणी खणला, दोर कोणी बांधला, रोपे कोणी लावली, हे सांगणारी क्रियापदे. पुरवणीतील वाक्याने जे लपवले ते या गद्याने उघडे केले, आणि म्हणून ते ‘साहित्य’ ठरवून बाजूला ठेवावे लागले. लेखनाला साहित्यिक म्हणणे ही ते अप्रस्तुत ठरवण्याची एक सभ्य रीत असते.

तेहरानमध्ये २८ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री चर्चिलने आगपेटीतील तीन काड्यांनी पोलंड पश्चिमेकडे कसा सरकवता येईल ते स्टॅलिनला दाखवले. १ डिसेंबरला रूझवेल्टने खासगीत सांगितले की आपली त्याला हरकत नाही, पण पुढच्या वर्षी निवडणूक आहे आणि अमेरिकेत साठ-सत्तर लाख पोलिश वंशाचे लोक आहेत, तेव्हा हे आत्ता उघड करता येणार नाही. पोलिश पंतप्रधान मिकोलायचिक यांना ही गोष्ट ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोत, मोलोटोव्हच्या तोंडून कळली. कांटने १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात सार्वजनिक न्यायाची एक कसोटी दिली आहे: इतरांच्या हक्कांशी संबंधित ज्या कृतीमागचे तत्त्व जाहीर करता येत नाही, ती कृती अन्याय्य होय. कांटवर एरवी अव्यवहार्यतेचा आरोप होतो. तेहरानच्या बाबतीत रूझवेल्टने ही कसोटी स्वतःच लावून तिचा निकालही देऊन टाकला होता. जाता जाता एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ज्या रेषेपर्यंत पोलंड मागे सरायचा होता ती ‘कर्झन रेषा’ १९२० साली ब्रिटिश परराष्ट्रमंत्री असलेल्या ज्या गृहस्थाच्या नावाने ओळखली जाते, त्याचीच बंगालची फाळणी भारतीयांना परिचित आहे.

फेब्रुवारी १९४५ मधील याल्टाच्या जाहीरनाम्याने ही रेषा किरकोळ फेरफारांसह कायम केली. त्या जाहीरनाम्यातील ‘आम्ही’ विचार करण्याजोगे आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. इंग्रजीत आणि रशियनमध्ये हा भेद सर्वनामात दिसत नाही, आणि राजनैतिक भाषेला ही संदिग्धता फार सोयीची असते. पोलंड बलवान, स्वतंत्र, लोकशाही व्हावा अशी आमची इच्छा आहे, असे तीन नेते म्हणतात तेव्हा त्या सर्वनामात पोल येतात की नाही? मराठी अनुवादकाला हे ठरवावेच लागेल, आणि तो प्रामाणिक असेल तर ‘आपण’ लिहू शकणार नाही. ल्वूफचा रहिवासी त्या संहितेत कुठेच द्वितीय पुरुष नाही. त्याला उद्देशून कोणी बोलत नाही. तो ज्याच्याविषयी बोलले जाते असा तृतीय पुरुष आहे. मैत्री, मग ती राज्यांची असो की व्यक्तींची, दोघांच्या संवादात टिकते. तिची किंमत अनेकदा अशा तिसऱ्याकडून वसूल होते, कारण संवाद मोडल्याखेरीज मित्राला दोष देता येत नाही.

हे केवळ महायुद्धाच्या धामधुमीत घडते असे नव्हे, आणि केवळ युरोपीय सत्तांकडूनच घडते असेही नव्हे. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी भारत आणि सिलोन या दोन स्नेही सरकारांनी चहाच्या मळ्यांतील भारतीय वंशाच्या ९,७५,००० राष्ट्रहीन माणसांविषयी करार केला. ५,२५,००० भारताने घ्यावीत, ३,००,००० सिलोनने. उरलेल्या १,५०,००० चे नंतर पाहू. १९७४ मध्ये ती निम्मी-निम्मी वाटण्यात आली. या माणसांपैकी पुष्कळांचा जन्म सिलोनचा, कित्येकांच्या आईबापांचाही. मळेकामगारांचे नेते तोंडमान यांनी आक्षेप घेतला तो हाच, की ज्यांच्याविषयी ठरले त्यांना कोणी विचारले नाही. यात क्रौर्याची भाषा कुठेही नाही. उलट उभयपक्षी सौजन्य ओतप्रोत आहे. पण भागाकाराला व्यक्ती लागत नाहीत, संख्या पुरते. भारतीय अभ्यासकाने याल्टाकडे पाहताना हा करार हाताशी ठेवलेला बरा.

अँडर्सबरोबर इराणमध्ये पोहोचलेल्यांपैकी काही हजार भारतात आले. जामनगरजवळ बालाचडी येथे मुलांची छावणी झाली. कोल्हापूर संस्थानात वळीवडे येथे १९४३ पासून सुमारे ५,००० बायका, मुले आणि वृद्ध यांचे गावच वसले. शाळा, प्रार्थनामंदिर, दवाखाना, नाट्यगृह असे सर्व तेथे होते. अंतर्गत कारभार लंडनमधील पोलिश सरकारच्या अधिकाऱ्यांकडे होता. कोल्हापूरकरांच्या आतिथ्याच्या आठवणी दोन्हीकडे आवर्जून सांगितल्या जातात, आणि त्या खऱ्याच आहेत. परंतु आतिथ्याने नागरिकत्वाचा प्रश्न सुटत नव्हता. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील सरकारची मान्यता काढून वॉर्सातील सरकारला दिली. वळीवड्यातील माणसांचे सरकार त्या दिवशी गेले, आणि ज्या गावांहून त्यांना नेले होते ती गावे ऑगस्टमधील तहाने पोलंडमध्ये उरली नाहीत. आता त्यांना ‘मायदेशी परत’ जाता येईल असे कळवले जाऊ लागले. परत हा शब्द त्यांच्या बाबतीत कोणत्या गावाला लागू होता?

येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १२ फेब्रुवारी १९४६ चा ठराव महत्त्वाचा ठरतो. परतण्यास नकार देणारे देशद्रोही होत, असे सोव्हिएत बाजूने व्हिशिन्स्की मांडत होता. एलिनोर रूझवेल्ट त्याला उत्तर देत होत्या. ठरावाने असे मान्य केले की ज्यांच्या सबळ हरकती आहेत त्यांना परत जाण्याची सक्ती करता येणार नाही. ठरावाचे राजकारण शीतयुद्धाच्या चाहुलीचे आहे, यात शंका नाही. तरीही त्यात संहितेच्या अंगाने काही नवे घडले. हरकत ही ज्याची त्यानेच घ्यावी लागते. १९४१ च्या पुरवणीत, १९४३ च्या पत्रात, तेहरानमध्ये, याल्टात जो केवळ तृतीय पुरुष होता, त्याला आता एका टेबलासमोर उभे राहून ‘मी’ म्हणावे लागणार होते. मला परत जायचे नाही, आणि त्याचे कारण असे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारातील ‘साधार भीती’ ही कल्पनाही याच वळणाची आहे. अर्थात त्या ‘मी’वर विश्वास ठेवायचा की नाही हे टेबलापलीकडचा अधिकारी ठरवणार होता, आणि त्या टेबलाशी पोहोचणे ज्यांना शक्य झाले नाही, कझाकस्तानात राहिलेले युक्रेनी आणि ज्यू, त्यांना कोणी विचारलेच नाही. भारताने हा १९५१ चा करार अद्याप स्वीकारलेला नाही.

१९४७-४८ मध्ये वळीवड्याची छावणी रिकामी झाली. थोडे लोक पोलंडला गेले. बहुतेकांनी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा वाटा धरल्या. त्यांच्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे राहायला आली, आणि त्या वस्तीला गांधीनगर हे नाव पडले. मराठीत या दोन्ही समूहांसाठी एकच शब्द वापरला गेला: निर्वासित. हिंदीतील ‘शरणार्थी’ हा आश्रय मागणाऱ्याला मागण्यावरून ओळखतो. ‘निर्वासित’ हे कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित आहे. कर्ता त्यात लिहिलेला नसतो, पण ‘कोणाकडून?’ हा प्रश्न त्या रूपाला टाळता येत नाही.